खाण कुणाची, कारखाना कुणाचा? बॅटरीतील धातूंविषयी वाचकांचे प्रश्न

विजेवर चालणाऱ्या दुचाकींविषयीचा लेख मागच्या अंकात आला आणि त्यानंतरच्या टपालात गाडीपेक्षा तिच्या बॅटरीविषयीच अधिक विचारणा झाली. बॅटरीत कोणते धातू असतात, ते कुठून येतात, त्यांचे भाव कोण ठरवतो आणि बॅटरी निकामी झाल्यावर त्यांचे काय होते, अशा आशयाच्या पत्रांतून सहा पत्रे इथे निवडली आहेत. जागेअभावी ती थोडी आटोपशीर केली असून पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत खरेदी आणि धातुपरीक्षण अशी दोन्ही कामे बरीच वर्षे केली असल्यामुळे उदाहरणे त्या अंगाने आली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : २०२२ च्या दिवाळीत मी विजेवरची स्कूटर घेतली. तिची बॅटरी तीन युनिटची आहे. त्यानंतर लिथियमचा भाव कोसळल्याच्या बातम्या वारंवार वाचल्या. परंतु हमीची मुदत संपत आल्यामुळे नव्या बॅटरीची किंमत विचारली, तेव्हा दुकानदाराने फारसा न उतरलेला आकडा सांगितला. मधला फरक कोण खातो? (निपाणीचे एक वाचक)

उत्तर : आपल्या बॅटरीत लिथियम असते किती, ते आधी पाहू. बाजारात लिथियमचा सौदा धातूच्या रूपात होत नाही, तो लिथियम कार्बोनेट नावाच्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात होतो. एका युनिटच्या, म्हणजे एक किलोवॅट-तासाच्या क्षमतेला ही भुकटी साधारण ६०० ग्रॅम लागते, म्हणजे आपल्या बॅटरीत ती सुमारे १.८ किलो आहे. त्यातला प्रत्यक्ष लिथियम धातू साडेतीनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या बाजारात या भुकटीचा भाव टनाला ६ लाख युआनच्या आसपास पोहोचला होता. त्या वेळच्या विनिमय दराने किलोला जवळपास ७,००० रुपये, म्हणजे आपल्या बॅटरीतील लिथियमची किंमत साडेबारा हजार रुपये झाली. २०२४ च्या सुरुवातीला तोच भाव लाखभर युआनवर आला आणि १.८ किलोचे मोल दोन हजारांच्या घरात उतरले. कागदावर फरक साडेदहा हजारांचा दिसतो, आणि आपला संशय त्यामुळेच रास्त वाटतो.

तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपण गाडी ऐन तेजीत घेतलीत, पण तिच्यातील सेल त्याआधी कित्येक महिने तयार झालेले होते आणि त्यांचा कच्चा माल बहुधा आगाऊ करारांच्या, म्हणजे बाजारभावापेक्षा कमी दराने घेतलेला होता. त्यामुळे कंपनीला प्रत्यक्षात पडलेला फरक आपल्या हिशेबापेक्षा लहान असणार. दुसरी गोष्ट कराची आहे. स्कूटरमध्ये बसवून आलेल्या बॅटरीवर गाडीबरोबर ५ टक्के जी.एस.टी. लागतो, तीच बॅटरी सुटी घ्यायला गेलात की १८ टक्के लागतो. यावर पेटी, बॅटरीवर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन चढते.

एवढे सगळे धरूनही जो फरक उरतो तो कंपनीकडेच राहतो, असे माझे मत आहे. आपल्या स्कूटरला दुसऱ्या कंपनीची बॅटरी चालत नाही, कारण गाडीचे नियंत्रण फक्त स्वतःच्या बॅटरीची ओळख पटवून घेते. जिथे ग्राहकाला दुसरे दुकान नाही, तिथे कच्च्या मालाची स्वस्ताई त्याच्यापर्यंत सावकाशच पोहोचते. किंमत लेखी मागावी आणि आतील सेल कोणत्या रसायनाचे आहेत तेही लिहून घ्यावे. त्याचे कारण पुढे कोबाल्टच्या उत्तरात येईल.

प्रश्न : लिथियमची खाण ऑस्ट्रेलियात, कोबाल्टची काँगोत, निकेलची इंडोनेशियात, असे वाचतो. मग प्रत्येक बातमीत चीनचेच नाव का येते? चीनमध्ये या सगळ्यांच्या खाणी आहेत काय? मी शेतकरी आहे, ऊस लावतो. सोप्या शब्दांत सांगावे. (चिकोडी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपण ऊस लावता म्हणून हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजेल. शिवारात ऊस उभा असला म्हणून हाती साखर येत नाही. गाळप ज्याच्या हाती त्याच्या हाती दर, हा अनुभव आपल्याकडे प्रत्येक हंगामात येतो, आणि म्हणूनच ज्या कारखान्याचा दर बरा तिकडे ऊस जातो, मग मध्ये राज्याची हद्द का असेना. चीनकडे लिथियमच्या आणि ग्रॅफाइटच्या खाणी आहेतही. पण त्याचे खरे बळ खाणींत नाही, गाळपात आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेस या ठिकाणी स्पॉड्युमिन नावाचा लिथियमयुक्त दगड निघतो. तो दळून, धुऊन, निवडून जो माल तयार होतो, त्याचा उतारा, म्हणजे त्यातील लिथियम ऑक्साइडचे प्रमाण, सुमारे ६ टक्के असते. उरलेले ९४ टक्के ओझे जहाजावर फुकट वाहून न्यायचे आणि तेही बहुतांशी चीनला. तिथे हा माल हजार अंशांच्या वर भाजतात, कारण त्याशिवाय त्याच्या स्फटिकांची घट्ट बांधणी सैल होत नाही. मग गंधकाम्लात शिजवतात, पाण्यात विरघळवतात, नको ते क्षार एकेक करून वेगळे काढतात आणि शेवटी ती पांढरी भुकटी हाती येते. एक टन भुकटीला असा माल साधारण आठ टन लागतो. राहिलेल्या चोथ्याचे ढीग कुठे टाकायचे, हा प्रश्न गाळणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

या कामातील अवघड भाग शुद्धतेचा आहे. बॅटरीसाठीची भुकटी किमान ९९.५ टक्के शुद्ध लागते आणि उरलेल्या अर्ध्या टक्क्यातही काय आहे यावर कटाक्ष असतो. आमच्या फौंड्रीत वापरलेली वाळू पुन्हा घेण्याआधी चुंबकाच्या रुळावरून सोडत असू, म्हणजे तिच्यातील लोखंडाचे कण बाजूला पडत. थोडे राहिले तर फारसे बिघडत नसे. बॅटरीच्या भुकटीत मात्र डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा कण राहिला, तरी आतले पातळ पटल भेदून तो सेल निकामी करू शकतो. अशी शुद्धता रोज, हजारो टनांच्या मापात, भाव पडलेले असतानाही राखायची तर त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, वीज लागते, आम्ले आणि सोडा बनवणारे कारखाने शेजारी लागतात आणि माल उचलणारा गिऱ्हाईकही जवळ लागतो. चीनने हे सारे दोन-तीन दशकांत एकाच आवारात आणून बसवले, आणि त्या काळात इतर देशांनी हा घाण करणारा व कमी नफ्याचा धंदा आनंदाने सोडून दिला. आज जगातील लिथियमचे सुमारे दोन तृतीयांश शुद्धीकरण चीनमध्ये होते, कोबाल्टचे तीन चतुर्थांशांच्या आसपास आणि बॅटरीसाठी लागणाऱ्या ग्रॅफाइटचे ९० टक्क्यांहून अधिक. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या काही प्रकारांची निर्यात परवान्याखाली आणली, तेव्हा ज्या देशांकडे स्वतःची ग्रॅफाइटची खाण होती त्यांचीही धावपळ झाली. खाण होती, पण दाणे गोल करणारा आणि ९९.९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करणारा कारखाना नव्हता.

चिलीची रीत थोडी निराळी आहे. अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठमोठ्या उथळ वाफ्यांत पसरतात. गोव्याच्या वा शिरोड्याच्या मिठागरांची आठवण यावी असाच तो देखावा, पण तिथे मीठ हे आधी खाली बसणारे गाळसाळ असते. त्यानंतर पोटॅशचे क्षार बसतात, आणि असे करत करत वर्ष-दीड वर्षाने पिवळसर झालेल्या दाट द्रावणात लिथियम सुमारे ६ टक्क्यांवर येते. मग ते टँकरने अंतोफागास्ताजवळच्या कारखान्यात जाते. इंधन फुकट, कारण ते ऊन आहे. वेळ मात्र उन्हाच्या मर्जीचा, त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन महिन्याभरात वाढवता येत नाही.

आपल्या जवळचेच एक उदाहरण देतो. बेळगावजवळ यमनापूरला ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम धातू ज्यातून काढतात त्या पांढऱ्या भुकटीचा, जुना कारखाना आहे. चंदगड आणि राधानगरीकडच्या पठारांवरील बॉक्साइट लॉऱ्यांनी तिथे येत असे, हे महामार्गालगतच्या गावांना सांगायला नको. बॉक्साइटपासून ॲल्युमिना इथे होतो. पण एक किलो ॲल्युमिनियम धातू काढायला १३ ते १५ युनिट वीज लागते, त्यामुळे धातू काढण्याच्या मोठ्या भट्ट्या ओडिशा आणि उत्तर प्रदेशात, कोळशाच्या आणि विजेच्या शेजारी गेल्या. डोंगर एका राज्याचा, भुकटी दुसऱ्याची, धातू तिसऱ्याचा. लिथियमची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त अंतरे समुद्रापार आहेत.

प्रश्न : वडील आणि मी उद्यमबागेत छोटी फौंड्री चालवतो. मिश्र ओतकामासाठी आम्हाला निकेल लागते. मार्च २०२२ मध्ये चार दिवसांत भाव असा चढला की पुरवठादाराने तोंडी ठरलेला दर मोडला आणि दोन ऑर्डरी आम्ही तोट्यात पुऱ्या केल्या. वडील म्हणतात, हा सगळा बॅटरीवाल्यांचा प्रताप आहे. तसे आहे काय? आणि असे पुन्हा होईल काय? (बेळगाव येथील एक उद्योजक)

उत्तर : तो आठवडा मलाही चांगला आठवतो. मी तेव्हा खरेदीच्या टेबलावर होतो. मंगळवारी सकाळी एका पुरवठादाराला फोन लावला, तर त्याने दर सांगण्याऐवजी "साहेब, आज काही विचारू नका" एवढेच म्हटले. पंचवीस वर्षांत व्यापाऱ्याने दर सांगायला नकार दिल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये निकेल टनाला २५,००० डॉलरच्या आगेमागे होते. रशियाने युक्रेनवर स्वारी केली, आणि रशिया हा शुद्ध निकेलचा मोठा पुरवठादार असल्यामुळे भाव उसळला. सोमवार, ७ मार्चला तो ४८,००० च्या आसपास बंद झाला आणि ८ मार्चच्या सकाळी काही तासांतच १,००,००० डॉलरच्या वर गेला. बाजाराने व्यवहार थांबवले, त्या दिवशी झालेले सौदे रद्द ठरवले आणि निकेलचा बाजार १६ मार्चला पुन्हा उघडला. १८७७ पासून चालत आलेल्या या बाजाराची अब्रू त्या आठवड्यात बरीच गेली.

युद्ध हे निमित्त झाले, परंतु स्फोटाचे मूळ मंदीच्या सौद्यात होते. त्सिंगशान ही चीनची बलाढ्य निकेल उत्पादक कंपनी भाव उतरेल या हिशेबाने फार मोठा मंदीचा सौदा करून बसली होती. हातात नसलेला माल पुढच्या तारखेला देतो म्हणून आजच विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन पुरा करायचा, ही रीत आपल्याकडच्या वायदेबाजारातही जुनीच आहे. भाव पडण्याऐवजी चढला की अनामत रक्कम वाढवत न्यावी लागते, आणि ती भरणे अशक्य झाले की मिळेल त्या भावाने उलट खरेदी करावी लागते. सगळेच खरेदीला धावले म्हणजे भावाला छत राहत नाही.

यातील मौजेची गोष्ट अशी की, त्सिंगशानकडे निकेल कमी नव्हते. पण लंडनच्या बाजारात देता येते ते किमान ९९.८ टक्के शुद्ध निकेल, म्हणजे तुम्ही घेता ते शुद्ध धातूच्या पत्र्याचे (कॅथोडचे) कापलेले चौकोनी तुकडे. त्सिंगशानकडे होते ते निकेलयुक्त कच्चे लोखंड, ज्यात निकेल १० टक्क्यांच्या आसपास असते आणि जे स्टेनलेस स्टीलच्या भट्टीत थेट जाते. नाव एकच, माल दोन. घरात धान्याची पोती आहेत आणि सावकार मात्र सोनेच मागतो, अशी त्यांची गत झाली.

वडिलांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. जगातील निकेलपैकी सुमारे दोन तृतीयांश आजही स्टेनलेस स्टीलला जाते आणि बॅटरीचा वाटा त्याच्या मानाने लहान आहे. तथापि बॅटरीची मागणी वाढणार या अपेक्षेने निकेलच्या धंद्याचे सारे चित्रच पालटले, आणि ते पालटवणारा देश इंडोनेशिया आहे. जानेवारी २०२० पासून त्या देशाने निकेलच्या कच्च्या दगडाची निर्यात बंद केली. माल हवा असेल तर भट्टी इथे येऊन घाला, असा तो निरोप होता. चिनी कंपन्यांनी सुलावेसी बेटावरील मोरोवाली आणि हल्माहेरा बेटावरील वेदा बे इथे भट्ट्यांच्या नगऱ्याच उभ्या केल्या. मागील उत्तरात गाळपाविषयी जे लिहिले, ते ओळखून त्यावर धोरण आखणारा हा पहिला मोठा खाणवाला देश म्हणावा लागेल. आज जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक इंडोनेशियाचे आहे.

त्यांचा दगड पाहिला तर खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल. तो लॅटेराइट आहे, म्हणजे आपला जांभा. फरक मुळातल्या खडकाचा. आपला जांभा ज्या खडकांवर तयार झाला त्यांत निकेल नगण्य, म्हणून त्यातून लोह आणि बॉक्साइट मिळते. तिकडचा जांभा ज्या खडकांवर झाला त्यांतच निकेल होते आणि लाखो वर्षांच्या पावसाने ते एका थरात साठवले. या तांबड्या मातीला बंद पात्रात २५० अंशांच्या आसपास, प्रचंड दाबाखाली गंधकाम्लात शिजवून निकेल आणि थोडे कोबाल्ट असलेला ओलसर हिरवट गाळ काढतात आणि तो बॅटरीच्या कारखान्यांना जातो. या भट्ट्यांना लागणारी वीज मुख्यतः कोळशाची आहे आणि जंगलतोडही मोठी झाली आहे. धूर न सोडणाऱ्या गाडीचा धूर कुठे निघतो, याचे एक उत्तर मोरोवालीत मिळते.

स्वस्त इंडोनेशियन निकेलने बाजार भरला आणि २०२४ मध्ये भाव बहुतेक काळ १५ ते २० हजार डॉलरच्या पट्ट्यात राहिला. त्याच वर्षी बी.एच.पी. या बड्या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातील आपले निकेलचे काम थांबवले आणि पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरील कोनियाम्बोची निकेलची भट्टी विझली. तुम्हाला आज निकेल स्वस्त मिळते त्याची ही दुसरी बाजू. पुन्हा तसाच भडका उडेल काय, तर लंडनच्या बाजाराने आता दिवसाला १५ टक्क्यांहून अधिक चढ-उतार होऊ न देण्याची मर्यादा घातली आहे. त्यामुळे तो एका सकाळीत उडणार नाही, उडाला तर चार-सहा दिवस घेईल. तेवढ्या दिवसांत शहाण्याने एकच करावे : गिऱ्हाइकाला दर देताना निकेलचा त्या दिवशीचा भाव कोटेशनवर लिहावा आणि त्यात ठरावीक टक्क्यांहून फरक पडल्यास दर बदलेल असे कलम घालावे. मोठे कारखाने हे आपल्याशी बिनदिक्कत करतात. आपण संकोच करतो.

प्रश्न : सातवीच्या वर्गात मुलांनी विचारले, "बाई, मोबाइलच्या बॅटरीसाठी आमच्याएवढी मुले खाणीत काम करतात, हे खरे का?" मी नीट उत्तर देऊ शकले नाही. अशा बॅटरी घेऊ नयेत, असे मुलांना सांगावे काय? (खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका)

उत्तर : दुर्दैवाने ते खरे आहे. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आणि पत्रकारांनी त्याची अनेकवार नोंद केली आहे. हा प्रकार मुख्यतः कोबाल्टच्या बाबतीत, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात, कोल्वेझी शहराच्या परिसरात घडतो. जगातील खाणीतल्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांहून अधिक या एका देशातून येते. त्यातील बहुतेक यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणींचे आहे. उरलेले हाताने खोदणाऱ्यांचे. हे लोक घराच्या मागे, रस्त्याकडेला, सोडलेल्या खाणींच्या ढिगांत विहिरीसारखे खड्डे घेतात आणि दगडाची पोती स्थानिक खरेदीदाराच्या काट्यावर नेऊन घालतात. मुले प्रामुख्याने दगड वेचण्याचे, फोडण्याचे आणि धुण्याचे काम करताना आढळली आहेत. खरेदीदाराच्या वखारीत ते पोते एकदा हौदात ओतले गेले की कोणता दगड यंत्राचा आणि कोणता हाताचा, हे ओळखण्याचा मार्ग राहत नाही.

मुलांना हेही सांगता येईल की, तिथे कोणी केवळ कोबाल्टसाठी मोठी खाण काढत नाही. तिथली खाण तांब्याची, कोबाल्ट हे त्याच्याबरोबर येणारे. आपल्या भागातल्या मुलांना मळी ठाऊक असते. मळीसाठी कोणी ऊस लावत नाही, पण साखर केली की मळी येतेच, भाव असो वा नसो. त्यामुळे कोबाल्टचा भाव पडला तरी तांब्याला मागणी आहे तोवर कोबाल्ट निघतच राहते. भाव सावरण्यासाठी काँगो सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्टची निर्यातच थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा पद्धत आणली. हा माल भुकटीच्या रूपात लॉऱ्यांनी झांबियाच्या सरहद्दीवरील कासुम्बालेसा नाक्यातून दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन किंवा टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदराला आणि तिथून चीनला जातो. करोनाच्या दिवसांत राज्याच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर आपण लॉऱ्यांच्या रांगा पाहिल्या. कासुम्बालेसाला तशा रांगा एरवीही लागतात. अलीकडे अंगोलातील लोबितो बंदरापर्यंतच्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या जुन्या रेल्वेमार्गाला अमेरिका आणि युरोप पैसा देत आहेत. काँगोचे तांबे आणि कोबाल्ट पूर्वेऐवजी पश्चिमेला वळावे, असा त्यामागचा हेतू आहे.

बॅटरी घेऊ नये असे मी सांगणार नाही. आपण घेतली नाही म्हणून कोल्वेझीच्या मुलाच्या घरी चूल पेटेल, असे होत नाही. शिवाय निवड आता उपलब्ध आहे. लोह आणि फॉस्फेट यांवर आधारलेल्या, एल.एफ.पी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॅटरीत कोबाल्ट नसते आणि निकेलही नसते. ती थोडी जड असते, पण टिकाऊ असते आणि तापली तरी कोबाल्टच्या बॅटरीइतकी लवकर भडकत नाही. बस, रिक्षा आणि बऱ्याच मोटारींत ती आली आहे. मोबाइलमध्ये आणि पुष्कळ दुचाकींत मात्र अजून कोबाल्टचीच चालते. निपाणीच्या वाचकांना सेलचे रसायन लिहून घ्यावे असे सुचवले, ते यासाठी. फॉस्फेटही सरळ नाही, हे जाता जाता नमूद करतो. जे फॉस्फरिक आम्ल डी.ए.पी. खताला लागते तेच या बॅटरीला लागते, आणि डी.ए.पी.साठी सोसायटीपुढे उभे राहण्याचा अनुभव आपल्या मुलांच्या वडिलांना असेल.

प्रश्न : कर्नाटकात मंड्याजवळ आणि काश्मीरमध्ये लिथियम सापडल्याचे वाचले होते. मग आपण आयात का करतो? (संकेश्वरचे एक वाचक)

उत्तर : मंड्या जिल्ह्यातील मरळगल्ला परिसरात लिथियम सापडले, हे खरे. सुरुवातीला १४,१०० टनांचा अंदाज बातम्यांत आला आणि पुढे सरकारने दिलेला आकडा १,६०० टनांचा होता. २०२४ मध्ये जगात सुमारे २.४ लाख टन लिथियम निघाले. त्या हिशेबाने मंड्याचा सगळा साठा म्हणजे जगाच्या अडीच दिवसांचे उत्पादन. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा साठा जाहीर झाला. पण तो प्राथमिक टप्प्यातला अंदाज असून लिथियम तिथे चिकणमातीसारख्या थरात आहे, आणि अशा मातीतून ते परवडणाऱ्या खर्चात काढण्याची रीत अजून जगात रुळलेली नाही. तिथला पहिला लिलाव पुरेसे बोलीदार न आल्यामुळे रद्द करावा लागला. बोली लावणारे भावुक नसतात.

त्यापेक्षा मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या कमी गाजलेल्या दोन गोष्टी. तीन सरकारी कंपन्यांनी २०१९ मध्ये स्थापलेल्या 'काबिल' या कंपनीला जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात खाऱ्या पाण्याचे पाच पट्टे मिळाले. दुसरी गोष्ट आपल्या घाटाखालची आहे : गोव्यातला निकेल आणि कोबाल्ट तयार करणारा निकोमेट हा कारखाना डिसेंबर २०२१ मध्ये वेदांताने घेतला. आकाराने तो लहान आहे, पण गाळपाचे काम आपल्या देशात येते ते अशा कारखान्यांतून.

प्रश्न : अथणीत माझे इन्व्हर्टर आणि बॅटरीचे दुकान आहे. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाला रोख पैसे मोजून नेतो. मात्र गिऱ्हाइकांनी सोडून दिलेले लिथियमचे चार पॅक दुकानाच्या कोपऱ्यात वर्षभर पडून आहेत, ते कोणी काट्यावर घ्यायला तयार नाही. एवढे महाग धातू आत असताना असे का? (अथणीचे एक दुकानदार)

उत्तर : शिशाच्या बॅटरीचे साठ टक्के वजन एकाच धातूचे असते आणि तो ३२७ अंशांना वितळतो. डबा फोडला, प्लेटा वेगळ्या केल्या, भट्टीत टाकल्या की शिसे मिळते, म्हणून तिला नेहमी गिऱ्हाईक असते. गावाबाहेर उघड्यावर ज्या भट्ट्या लावतात त्यांचा धूर आणि आम्ल मुलांच्या रक्तात शिसे नेऊन घालतात, म्हणून आपली बॅटरी परवानाधारकाकडेच जाते ना, एवढे पाहावे.

लिथियमच्या पॅकमध्ये ॲल्युमिनियमचा आणि तांब्याचा कागदासारखा पातळ पत्रा, त्यावर लेपलेली भुकटी, प्लास्टिकचे पटल आणि पेट घेणारे द्रावण अशी खिचडी असते. आधी उरलेली वीज पूर्ण काढायची, मग हवाबंद यंत्रात तुकडे करायचे, चाळून काळी भुकटी वेगळी करायची, आणि ती आम्लात विरघळवून निकेल, कोबाल्ट, लिथियम एकेक करून काढायचे, असा तो व्याप आहे. हे भंगारवाल्याचे काम नाही, रासायनिक कारखान्याचे आहे. त्यातही पॅक एल.एफ.पी.चा असेल तर आत लोखंड आणि फॉस्फेट, त्याला कोण विचारतो? कोबाल्ट नसल्याचा जो गुण वर सांगितला, तोच भंगारात दोष ठरतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका वखारीत मी काटा करून घ्यायला थांबलो होतो. एक पोरगा स्कूटरचा पॅक पायाखाली धरून छिन्नीने ॲल्युमिनियमचा डबा उचकटत होता. छिन्नी आत घुसली आणि प्रेशर कुकरची शिटी सुरू होण्याआधी होतो तसा फुस्स आवाज आला, मग पांढरा धूर आणि लगेच ज्वाळा. कोणी वाळू टाकली, आग दबली, सगळे हसू लागले. वीस मिनिटांनी त्याच वाळूखाली शेजारचा सेल पेटला. पोराच्या हाताला भाजले, पण निभावले.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची आणि तिचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपनीची आहे. पुनर्वापर करणाऱ्याने बॅटरीतील धातूंपैकी २०२६-२७ पासून ९० टक्के परत मिळवले पाहिजेत, असे त्यात ठरले आहे. एवढेच नव्हे, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरील आयात शुल्क माफ झाले. म्हणजे परदेशचे भंगार जहाजाने येणार आणि अथणीचे कोपऱ्यात पडून राहणार, हा उफराटा प्रकार आहे खरा. तेव्हा चारही पॅकवरील कंपनीचे नाव आणि क्रमांक टिपून कंपनीला लेखी कळवावे, आणि पत्राची पोच जपून ठेवावी. तोवर पॅकच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, कोरड्या वाळूच्या लोखंडी पेटीत, उन्हापासून आणि दुकानातील चार्जरच्या टेबलापासून लांब ठेवावेत. फुगलेला पॅक असेल तर तो दुकानात ठेवूच नये, मागच्या उघड्या जागेत ठेवावा.